रापणीचा दोर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवाला तर नाहीच. देवाकडे गाऱ्हाणं घालायचं तर आपली बाजू खरी लागते. एकीला मात्र सांगितलं, गेल्या रविवारी. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिलाच. आणि त्या रात्री अशी झोपले की सकाळी दूधवाला हाका मारमारून निघून गेला. आता तुम्हाला सांगते. एकदा तोंड उघडलंच आहे, तर होऊन जाऊ दे.

तसं बघायला गेलं तर मी केलं काय? कुणाचं घर जाळलं नाही, कुणाची जमीन लाटली नाही. एक बटण दाबलं. पण थांबा — बघा, ही माझी खोड. सुरुवात करायच्या आधीच गोष्ट लहान करून ठेवायची. इतकी वर्षं स्वतःला अशीच समजूत घालत आले मी. बटणच तर होतं ना? हो, बटणच होतं. तीनदा दाबलं.

नीट सांगते.

मी मूळची धामापूरची. आमच्याकडे भात, काजू, आंब्याची थोडी कलमं. समुद्र बघायचा तो मालवणच्या जत्रेला गेलो तर. लग्न होऊन मालवणात आले. बीएस्सी झालेली, आणि गप्प बसायचा स्वभाव नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट ही. बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर मी संगणकाचे वर्ग काढले. चार संगणक, एक पंखा, वीज गेली की मुलींसकट सगळे गॅलरीत. तेव्हा 'मुलगी कॉम्प्युटर शिकते' म्हटलं की तिला जरा बरी स्थळं यायची, त्यामुळे मुली पुष्कळ.

अशात एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. ती लावून बघताना मला पत्ता लागला एका मेलिंग लिस्टचा. म्हणजे असं, एकाने मेल पाठवला की तो यादीतल्या सगळ्यांना जातो. पुण्यामुंबईची, काही परदेशातली मराठी मुलं मिळून संगणक मराठीत आणत होती. पगार नाही, मानधन नाही, नुसती हौस. सॉफ्टवेअर उघडं — ज्याला वाटेल त्याने आत डोकवावं, बिघडलेलं दुरुस्त करावं, चांगलं झालं तर परत सगळ्यांना द्यावं. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. मला ते इतकं आवडलं. आपल्याकडे शेजारणीला लोणच्याचं प्रमाण विचारलं तर ती एक जिन्नस मुद्दाम विसरते, आणि इथे माणसं सगळंच उघडं करून बसलेली.

त्या यादीवर मी एकटी बाई.

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! नेहमी तक्रारीच्या सुरात. आणि मनातून? मनातून मला ते गुळासारखं लागायचं. घरात मी कोण होते — बांगड्याचं तिखलं पातळ झालं म्हणून बोलणी खाणारी. आणि तिकडे काही अडलं की 'ताईंना विचारा', 'ताईंचं मत येऊ दे'. ताई म्हणता म्हणता त्यांनी मला यादीची राखणदार केलं. नवीन माणसाचा पहिला मेल थेट सगळ्यांना जायचा नाही, आधी माझ्याकडे यायचा. जाहिरात नाही, शिवीगाळ नाही, एवढं बघून मी तो पुढे सोडायचा. बाकीच्यांना नोकऱ्या होत्या, कुणाला या कामात रस नव्हता. मला होता. दारात कोण येतं-जातं ते बघत ओटीवर बसायला कुणाला आवडत नाही?

आता कांचन.

कांचन दांडी किनाऱ्यावरच्या रापणकरांची मुलगी. रापण ठाऊक आहे ना? होडीतून मोठं जाळं गोल फिरवून टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर उभं राहून माणसं ओढतात. एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आणि रीत अशी की दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो रापणीतला असो की वाटेने चाललेला पाहुणा. ओढणारे बहुतेक पुरुषच, पण बाईने हात लावला तर कुणी हटकत नाही, आणि तिचाही वाटा निघतो.

कांचनची आई बाजारात मासे विकायला बसायची. पाटी रिकामी झाली की आमच्या माडीखालच्या दुकानाच्या पायरीवर टेकून लेकीची वाट बघायची. एकदा वर आली होती, वर्ग कसा असतो तो बघायला. मी हसत हसत उठले आणि खिडकी उघडली. त्यानंतर ती कधी वर आली नाही. मी खिडकी का उघडली ते तिला कळलं, आणि तिला कळलंय ते मला कळलं, आणि आम्ही दोघी पुढे वर्षभर एकमेकींशी गोडच बोललो. पानात गुंडाळून ताजे बांगडे पाठवायची माझ्यासाठी. म्हणायची, "बाईनू, माझ्या चेडवाक शिकवा. माझ्यासारख्या तेका उन्हात बसाक नको."

तिचं चेडू, म्हणजे लेक, शिकत होतं, आणि कसं! बाकीच्या मुली अक्षरं ठळक करायला शिकत होत्या तोवर ही सीडीवरच्या मदतीची पानं वाचून लिनक्सच्या आत शिरली. इंग्रजी अडखळत वाचायची, पण वाचायची. एक दिवस मला म्हणाली, हे बघा. संगणकातलं साधं कॅलेंडर होतं, त्यात तिने तारखेखाली तिथी आणली होती आणि तिथीखाली भरतीची वेळ. आमच्याकडचे जुने लोक तिथीवरून भरतीचा हिशेब तोंडी सांगतात. तेच तिने संगणकाला शिकवलं. मी विचारलं, तुला हे आत जाऊन बदलायला कुणी सांगितलं?

"उघडा होता, म्हणान उघडलंय," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, लिस्टवर पाठव, असले लोक तुला जन्मात भेटणार नाहीत. खरंच आनंदाने म्हटलं हो. त्या क्षणापर्यंत माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. की होतं आणि मला दिसत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेल माझ्याकडे आला, राखणदाराकडे येतो तसा. वर्गात कुणी नव्हतं. मोडकंतोडकं इंग्रजी, मध्येच रोमन अक्षरांत मराठी. आपण कोण, कुठली, काय केलंय ते लिहिलं होतं, आणि शेवटी असं काहीसं — आमच्याकडे रापण ओढतात तेव्हा दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो. तुम्ही सगळ्यांनी ओढलेल्यातला वाटा मी इतके दिवस फुकट खाल्ला. आता मलाही हात लावायचा आहे.

मी ते वाचलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. मुलं नुसती खूश होणार. 'ताई, ही कोण? कुठून शोधलीत?' आठवडाभर माझं कौतुक. आणि मग? मग 'कांचनला विचारा'. मला तर मेनूतले शब्द मराठीत करण्यापलीकडे काही येत नव्हतं. ही आत शिरून बदलणारी. आणि — हेही सांगते, न सांगून कुठे जाणार — मासेवालीची पोर, असंही मनात येऊन गेलं.

पडद्यावर दोन बटणं होती. पुढे पाठवा, काढून टाका.

मी काढून टाकला.

तिने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. कधी उलट बोलली नव्हती. मला तिथे एकटीलाच राहायचं होतं. याहून मोठं कारण शोधून शोधून थकले मी. नाहीच आहे.

मग सुरू झालं ते तिचं विचारणं. जिना चढून आली की चप्पल काढता काढता, "बाईनू, उत्तर इला?" मी म्हणायची, नाही गो, मोठी माणसं ती, त्यांना वेळ कुठला. यादीवरचे मेल माझ्याच संगणकावर येत, मी दाखवीन तेवढेच ती वाचायची. आपलाच मेल यादीवर आपल्याला दिसत नाही, असंही तिला सांगून ठेवलं. तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी बाई होते तिची. तिने मेल सुधारून परत पाठवला. मी परत काढून टाकला. मग तिने कुणाकडून तरी इंग्रजी तपासून घेतलं, कॅलेंडरात पुढच्या वर्षाच्या तिथी घातल्या आणि तिसऱ्यांदा पाठवला. तो तर मी पुरता वाचलाही नाही. पहिल्यांदा शब्द न् शब्द वाचून मग काढला होता. तिसऱ्यांदा मी दुसऱ्या हाताने चहा पीत होते.

"दुसऱ्यांका उत्तरां येतत," एक दिवस ती म्हणाली. "माकाच कित्याक नाय? मी चेडू म्हणान?"

मी काय म्हणायला हवं होतं? आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "असात गो. पुरुषांचा राज्य ता."

त्या मुलांना तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तिच्यासारखी कुणी यावी म्हणून ती मुलं डोळे लावून बसली होती. खोटं वाटेल, पण त्याच महिन्यात यादीवर चर्चा चालली होती — बायका का येत नाहीत, काय करायला हवं, कसं बोलावं. मला विचारलं, ताई, तुमच्या भागातल्या मुली? मी लांबलचक उत्तर लिहिलं. आमचा किनारा मागासलेला, घरचे सोडत नाहीत, आयांना वाटतं मुलीने चूल बघावी. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. कुणीही शंका घेतली नाही. लोकांना जे आधीच वाटत असतं तेच आपण सांगितलं की कोण कशाला शंका घेईल?

आणि ती आई खाली पायरीवर बसलेली असायची. लेकीला थांबवायला नाही, तिचं शिकून होईपर्यंत वाट बघायला. तिने पाठवलेले बांगडे खाऊन मी ते लिहिलं.

अजून एक राहिलं. पुण्याला त्या मंडळींचा मेळावा झाला, आणि 'मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बायकांचा सहभाग' यावर बोलायला मला बोलावलं. एकटीच बाई ना मी. नवी साडी नेसून गेले. भाषणाच्या शेवटी काय सांगितलं असेल? रापण. दोराला हात लावला त्याला वाटा, आमच्या मालवणात कुणी विचारत नाही तू पुरुष की बाई. कांचनचे शब्द, जसेच्या तसे. टाळ्या थांबेनात. नंतर एक-दोन मुली भेटायला आल्या, म्हणाल्या, तुमचं ऐकून आम्हीही येणार. आल्याही त्या, चांगलं काम केलं. पण ते पुण्य माझ्या नावावर मांडू नका. त्यांना बोलावलं कांचनने. फक्त तिला स्वतःला आत यायला मिळालं नव्हतं.

परत आले तोवर कांचनने वर्ग सोडला होता. आईने निरोप दिला, तेचा मन लागना नाय म्हणता. मी बरं म्हटलं. खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला.

नंतर कांचनचं लग्न झालं, तेही दांडीवरच, हाकेच्या अंतरावर. पर्यटक यायला लागले तशी तिने घराच्या दोन खोल्या काढून न्याहारी-निवास सुरू केला. चांगलं चाललंय. बाजारात दिसली की हसायची, "बाईनू, बऱ्या आसात मां?" विचारायची. मी घाईत असल्यासारखं करायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि मग या महिन्यात यादीवरून मेल आला. नवीन मुलींना हाताशी धरून शिकवायचा बेत आहे, 'ताई, तुमच्या किनाऱ्यावर इतक्या वर्षांत एखादी तरी मुलगी पुढे आली असेल ना? असली तर नाव कळवा.' मी सवयीने लिहायला बसले — आमचा किनारा मागासलेला. आणि पुढे लिहिता येईना. इतकी वर्षं बिनबोभाट चाललेला हात अडला. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. मग संगणक बंद केला आणि रविवारी सकाळी चालत दांडीवर गेले.

रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही दोरांना माणसं लागलेली, त्यात मुंबईचे दोन पर्यटकही, हाताला सवय नसल्याने दर दोन मिनिटांनी तळवे बघणारे. कांचन वाळूत उभी राहून कुणाला तरी चहा देत होती. मला बघून हसली. मी म्हटलं, जरा इकडे ये, बोलायचं आहे. आणि होडीच्या आडोशाला उभं राहून सांगून टाकलं. मालवणीतच सांगितलं, प्रमाण मराठीत फार सारवासारव करता येते. तुझे मेल कुणापर्यंत पोचलेच नाहीत. मी काढून टाकले. तिन्ही. मलाच तिथे राहायचं होतं.

ती ऐकत होती. हातात रिकामी किटली. मी तिच्याकडे बघायचं ठरवून आले होते, पण बघितलं किटलीकडेच.

किटलीचं झाकण बसवत म्हणाली, "माका वाटला, माझा इंग्लिश वायट."

मग, "धाकट्या बहिणीक कॉम्प्युटरचो डिप्लोमा करुचो होतो. मी नको सांगलंय तेका. म्हटलंय, थयसर आपणाक कोण इचारणत नाय, उगाच जीव जाळून घेव नको."

एवढंच. मला वाटलं होतं ओरडेल, रडेल, निदान शिवी तरी घालेल. आमच्या मालवणीत शिव्यांना काय तोटा? पण काही नाही. बहिणीचं ऐकून मला पहिल्यांदा कळलं की मी एकीला नाही, दोघींना बाहेर ठेवलं. तिथून पुढे किती, कोण जाणे.

तेवढ्यात दोरावरच्या एका म्हाताऱ्याने आम्हाला बघितलं आणि हाक मारली, "गे बाईनू, नुसत्या उभ्या कित्याक? येवा, हात लावा." त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती, तिथली रीतच तशी. मी जागची हलले नाही. कांचनने किटली वाळूत ठेवली, पदर खोचला आणि निघाली. चार पावलं गेली आणि वळली.

"बाईनू, तो प्रोग्राम माझो... बरो होतो?"

"बरो होतो," मी म्हटलं. "खूप बरो होतो."

तिने मान हलवली आणि जाऊन दोराला हात लावला.

मी घरी आले. त्याच संध्याकाळी यादीची राखण सोडली, किल्ली एका दुसऱ्याच्या हाती दिली. माझं नावही काढून नव्याने घातलं, तिथे आता मी नवी. हेच सगळं मी यादीवरही पाठवणार आहे, तेही आता आधी त्याच्याकडे जाईल. तो पुढे सोडेल किंवा काढून टाकेल. त्याचं त्याने बघावं. मला हलकं वाटतंय, ते लपवत नाही. वाटायला नको होतं, असं कुणी म्हणालं तर त्यालाही माझी ना नाही. कांचन मला माफ करील की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

फक्त तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. इतक्या वर्षांनी तिला तेवढंच हवं होतं. बरो होतो. हे मला तेव्हाच सांगता आलं असतं, माडीवर, ती दारात उभी राहून चप्पल काढत असताना.